रेघ शेवटी

हंजी स्टुडिओ बंद होतोय,
काचा आणि फिल्मा किलोवर काढल्यात.
मल्लेशप्पा म्हणाले, त्यातनं चांदी निघते म्हणे,
घेणारा शनिवारी टेम्पो आणालाय,
त्याच्या आत बघ काय बघायचं ते.
मी शुक्रवारी अर्धी रजा टाकली.

खिडकीशी काच धरली की
बेळगाव उलटं उजाडतं.
आभाळ काळं, पोरांचे केस पांढरे,
खडेबाजारात भर दुपारी रात्र
आणि सावल्या तेवढ्या लख्ख.

लोक येऊन जुना पूल शोधतात,
टांग्यांचा अड्डा, पाडलेलं थेटर.
धारवाडची एक बाई दोन दिवस बसून होती,
तिला एक जिना हवा होता. नुसता जिना.
मला पाट्या हव्यात.

माझा बाप पाट्या रंगवायचा. भावकू पेंटर.
शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी.
कन्नड त्याला वाचता येत नव्हतं,
काढता येत होतं.
मल्लेशप्पा फरशीवर खडूनं लिहून द्यायचे
आणि तो ती अक्षरं
गरम चकली झाऱ्यावर घ्यावी तशी
अलगद उचलून पत्र्यावर ठेवायचा.
एकदाच चुकला.
कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर
हल्लुचं हुल्लु झालं,
दाताचं गवत.
तीन दिवस गिऱ्हाईक येऊन हसून गेलं.
नुसतं हसून.

पण फोटो कधी पाटीचा नसतो.
वरातीचा असतो, आणि नवऱ्याच्या बाशिंगाआडून
‘…शीन वर्क्स’ एवढंच डोकावतं.
सर्कशीच्या हत्तीनं अख्खं दुकान झाकलेलं,
त्याच्या पोटाखाली ‘उधार उद्’.
ही ‘उ’ची शेपटी माझ्या बापाची.
कुणी शपथ घ्यायला सांगितली तर घेईन.

पुढच्या डब्यांत काचा संपतात, फिल्मा लागतात,
आणि काही पाट्यांवर डांबर.
कधी ह्या अक्षरांवर, कधी त्या.
निगेटिव्हमध्ये डांबर पांढरंशुभ्र दिसतं,
कुणी नुकताच चुना दिल्यासारखं.
रात्री कुणीतरी बोलावून न्यायचं, तीच पाटी परत रंगवायला.
आई म्हणायची, बरंय की, एका कामाची दोनदा मजुरी.
तो त्या रात्री जेवायचा नाही.
हात टर्पेंटाइननं धूत बसायचा,
धुऊन झाले तरी.

चार वाजता तो सापडला.
विषय तो नव्हे. विषय नवी मोटार
आणि बॉनेटवर पंजा ठेवून उभे कोणी शेट.
मागं शिडी, शिडीवर पाठ,
काळ्या बनियनला खांद्यापाशी उजळ भोक.
डबा कमरेला.
पत्र्यावर अजून एकच गोल काढलाय.

शिरोरेघ तो शेवटी ओढायचा,
पट्टी न लावता, श्वास धरून,
म्हणून सांगता येत नाही.
ठ असेल, ‘ठोक व किरकोळ’मधला,
नाहीतर कन्नड र,
ज्याच्या डोक्यावरचा तुरा अजून यायचाय.

मल्लेशप्पांनी चष्मा कपाळावर सारला,
काच डोळ्याला लावली, फिरवली,
परत फिरवली.
“कुठल्या बाजूनं धरायची तरी?
गोल हिकडनंबी गोलच.”
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
“ही खडू मागायला यायचा तवाची पाठ,” म्हणाले,
आणि काच तराजूत ठेवली.
ओळख होती तरी ठेवली.
एकशे दहा ग्रॅम.
पैसे मात्र घेतले नाहीत.

बसमध्ये मांडीवर काच,
वर कालच्या कन्नड पेपरचं वेष्टण.
मला वाचता येतं, शाळेत सक्तीनं शिकले.
गोगट्यांच्या सर्कलला सिग्नल लागला
तोवर एक जाहिरात वाचून झाली होती,
दातांच्या दवाखान्याची.
शब्द बरोबर छापला होता.