स्प्रिंगांवरची जमीन

लालबागच्या नाचघरात लाकडाखाली स्प्रिंगा आहेत
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बाकी सगळं सांगून झालं होतं.
महूच्या छावणीतून दर मंगळवारी
टांग्यातून ग्रामोफोन घेऊन येत मिसेस ऑलिव्ह.
म्हणत, जोडीदाराच्या डोळ्यांत नाही बघायचं,
कानाच्या पाळीकडे बघायचं.
म्हणत, घाम घोड्यांना येतो, मुलींना तकाकी येते.
वन-टू-थ्री, वन-टू-थ्री,
आणि मी मनातल्या मनात धा धी ना, धा ती ना
करत पडवीत खुर्चीला धरून फिरायची.
खुर्ची बरी होती. तिला मिशा नव्हत्या.

आबासाहेब म्हणाले, आता पडद्यात ठेवून
सरदारांच्या लेकी सरदारांना मिळत नाहीत.
आईसाहेब काहीच म्हणाल्या नाहीत.
निऱ्या बसवताना तोंडात पिना होत्या त्यांच्या.
शेवटची पिन काढल्यावर एवढंच:
"चंद्रप्रभे, पाय जमिनीवर राहू देत."

हातमोजे मुंबईहून आले होते, कोपराच्या वर जाणारे.
त्यात माझं गोंदण गेलं,
सातव्या वर्षी टोचलेली तुळस,
जिच्यासाठी मी दोन दिवस तापाने फणफणले होते.
एकवीस बारीक गुंड्या लागल्या आणि
हात कुणा दुसरीचे झाले.

नऊजणी होतो. माझा नंबर सातवा.
लाल कोटातल्या माणसाने माझं नाव
तीन तुकडे करून हवेत भिरकावलं.
चौदा पावलं चालायचं, गुडघ्यात वाकायचं, उठायचं.
तिसऱ्या पावलाला जमीन खाली गेली.
किंचित. पाय उचलला तर तिने तो परत दिला,
झोपाळ्यावर बसताना देतो तसा.
मी घाबरले, मग हसू आलं,
आणि चौदाव्या पावलाला
गुडघे वाकले इंग्रजी, पण उजवा हात
न विचारता कपाळाशी गेला.
अर्धा मुजरा, अर्धं ते त्यांचं.
कुणाचा तरी पंखा थांबला.
आबासाहेब झुंबराकडे बघत राहिले.

माझ्या कार्डावर लेफ्टनंट होता एक,
मान कापूसकोंड्यासारखी लालबुंद.
मी त्याच्या कानाकडे बघत होते,
तर त्याचे ओठ हलताना दिसले.
तोही मोजत होता.
वन-टू-थ्री.
देवाशपथ, त्यानंतर मला भीती वाटली नाही.
चारशे पावलं एकदम पडत होती आणि
अख्खं नाचघर श्वास घेत होतं आमच्या खालून.

घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते.
आईसाहेब जाग्या. पहिला प्रश्न: "जेवलीस?"
दुसरा, गुंड्या सोडताना: "जमीन कशी होती?"
मी दचकले. त्यांना कोणी सांगितलं?
म्हणाल्या, तो महाल बांधत होते तेव्हा
माहेरचा सुतार होता कामावर.
लाकूड नाचतं, म्हणायचा. कुणी खरं मानलं नव्हतं.

मग त्यांनी एक मोजा स्वतःच्या हातात घालून पाहिला.
मनगटावर बांगड्यांशी अडला.
बांगड्या काढायच्या नव्हत्या, मोजा सोडायचा नव्हता.
तसाच अर्धा राहू दिला, पाच बोटं रिकामी लोंबत,
आणि मी त्यांच्या कमरेला हात लावला.
पुरुष मी झाले.
शहाबादी फरशी. खाली काही नाही, दगड, मग माती.
तरी सहा मात्रा आम्ही फिरलो,
एक आवर्तन पुरतं.
"पुरे," त्या म्हणाल्या, "स्वयंपाकीण उठेल."

ते कार्ड अजून आहे. सोनेरी कडा, रेशमी दोरा,
टोकाला काडीएवढी पेन्सिल.
लेफ्टनंटचं नाव चौथ्या ओळीत. त्याखाली
आईसाहेबांचं अक्षर, मोडीत:
धोबी, चादरी सहा, उशीचे अभ्रे चार,
हातमोजे दोन.