ओझं आलं की

शिरोलीत, फाउंड्रीच्या मागल्या शेडला
काळ्या वाळूत काटे टेकून फोर्कलिफ्ट उभी.
चौगुले म्हणाले, सकाळी झ्याक चालती,
चार पॅलेट उचलल्या की गप.
तासाभरानं परत सुरू,
जसं काय झालंच न्हाई.

शिकलगार चाचांनी आधी काही खोललं नाही.
विचारलं, आचके देऊन बंद पडती, का एकदम?
रावसाब ऑपरेटर लांबूनच बोलला :
एकदम. फुंकर मारल्यागत.
मग गॅस न्हवं, चाचा म्हणाले. करंट.

मी प्लग काढून बॉडीला टेकवला.
किल्ली फिरली. ठिणगी निळी, टच्च.
पुन्हा टच्च.
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा तशी.

कॉइल बदलली. कंडेन्सर बदलला.
गेज घरी राहिलेला, म्हणून पॉइंटचा गॅप
केएमटीच्या तिकिटाची चार पदरी घडी घालून लावला.
पाचव्या पॅलेटला गाडी गप.

भंगारवाला उद्याच न्यायला तयार हाय,
चौगुले मोबाइलमध्ये बघत म्हणाले,
आणि ह्यानंच आपटून आपटून वाट लावली,
दोन हजार कापलेत ह्याचे.
रावसाब टायरमधला खडा काढत बसला.

चाचांनी कॅप परत उघडली.
पॉइंटला टेस्टलॅम्प जोडला, पेटला.
मग बोटानं प्लेट हळूच फिरवली,
ओझं आल्यावर ती फिरते तेवढीच.
दिवा गेला.
सोडली, आला.
फिरवली, गेला.

आत करंगळीएवढी वायर,
कापडी वेष्टण, कुठं चीर नाही, डाग नाही.
चिमट्यानं ओढली तर रबरासारखी लांबली.
वरनं अखंड. आत तांबं कधीच तुटलेलं,
टोकाला टोक टेकून दिवस काढत होतं.

मल्टीमीटरच्या जुन्या प्रोबची मऊ वायर
केसासारख्या तारांची, ती मी डाक लावून जोडली.
रावसाब चढला. पाच. सहा.
दहाव्या पॅलेटनंतर आम्ही मोजणं सोडलं.
चौगुले बिल किती म्हणाले.

चाचांनी तो तुकडा
तिकिटाच्या घडीत गुंडाळला,
आणि रावसाबच्या खिशात सरकवला.
जपून ठेव, म्हणाले.
पगाराच्या दिवशी टेबलावर ठेवायचा,
आणि त्यांनाच म्हणायचं,
ओढून बघा.