सातवी रांग

काठीच्या टोकाचं रबर झिजलं होतं,
तेवढ्यासाठीच आली असेल, असं मला वाटलं.
आमच्याकडे ते चार मापांत मिळतं,
आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या काठीचं माप
कधीच ठाऊक नसतं,
म्हणून मी खिशात जाड दोऱ्याचा तुकडा ठेवतो.

मी सदुसष्टचा. आधी बस चालवायचो.
आता या शंभर येनच्या दुकानात
म्हाताऱ्यांना म्हातारपणाचं सामान काढून देतो:
बरणीचं झाकण पकडायची रबरी चकती,
सात वारांच्या सात खणांची गोळ्यांची डबी,
पाठीला मलम लावायचा लांब दांडा.
दांडा एकट्या माणसांसाठी असतो.
पाकिटावर तसं छापलेलं नाही.

तिचं नाव कुसुदा इसोए. वय शहाऐंशी.
"अमाकुसाहून आले," म्हणाली,
"आधी बस, मग बुलेट ट्रेन, मग साधी,
मग दोनदा चुकीचा जिना."
रबराच्या टोपणासाठी एवढ्या लांबून
कुणी येतं होय?

मी तिला स्टूल दिलं.
पाकिटाची कळ तिच्या बोटांना उघडेना,
मीच उघडली. आत सुटे पैसे,
मोत्यांसारख्या आलेल्या गोळ्या, परतीचं तिकीट.
गुडघ्यावर बसून काठीला दोरा गुंडाळला, ओढला,
तर तो मधोमध तुटला.

"पश्चिम कुठे?" तिनं विचारलं.
मी टॉवेलांच्या मांडणीकडे हात केला.
"मग फाटक तिथे. जेवणघर, जिथे कुंड्या आहेत तिथे.
आणि माझी जागा..."
उठली. अर्धवट बसलेल्या टोपणाची काठी टेकत
पावलं मोजत निघाली, आणि मी
हातात तुटका दोरा घेऊन मागे मागे.

सातव्या रांगेत थांबली. कपडे वाळवायचे चिमटे, स्पंज.
"इथे. उभ्यानं. दहा तास."

सूतगिरणी होती इथे, मलाही माहीत होतं.
लहानपणी तिच्या भोंग्यावर आई तांदूळ शिजत टाकायची.
पण भोंग्याच्या आत कुणी मुलगी असते
हे मला बसची चाळीस वर्षं चालवूनही
कधी सुचलं नव्हतं.

"पंधराची होते. रोजचे एकशेतीस येन.
पहिल्या महिन्यात घरी पाठवायला काही उरलं नाही,
तर पत्रात खोटं लिहिलं, की इथे समुद्र दिसतो."
मग तिनं चिमट्यांवरची किंमत वाचली,
चष्मा वर केला, पुन्हा वाचली.
"कर धरून?"
"एकशे दहा."
"म्हणजे एक दिवस उभं राहिलं की चिमटे.
वर वीस येन!"
आणि ती अशी हसली की
शेजारी बादली निवडणारा तरुण दचकून सरकला.

खांब तेच आहेत का, तिनं विचारलं.
नाहीत, मी म्हणालो. इथलं काहीच तेच नाही.
तिनं मान हलवली, जशी आपण
हवामानाच्या बातमीला हलवतो.

मग माझ्या हातातली दोऱ्याची दोन टोकं
तिनं न विचारता घेतली.
काय केलं ते मला दिसलं नाही.
पाकिटाच्या कळीला हरलेली ती बोटं
एकदा एकमेकांवरून गेली,
आणि दोरा अख्खा होता.
"तुटला की एवढ्यात सांधायचा," ती म्हणाली,
"नाहीतर मुकादमीण यायची."

टोपण बसलं. अठराचं.
पैसे घेणाऱ्या यंत्राला तिनं वाकून नमस्कार केला,
पिशवीचे तीन येन वाचवले,
चिमटे तसेच कोटाच्या खिशात घातले
आणि सव्वातीनच्या गाडीसाठी निघून गेली.

गाठ तांदळाच्या कणीएवढी आहे.
तिच्यामुळे माप हल्ली किंचित चुकतं,
अठराला एकोणीस येतं,
आणि मला एकच काठी दोनदा मोजावी लागते.
नवा दोरा नवव्या रांगेत आहे.
एकशे दहा येन.