उसनं

रुवीतलं टायपिंग सेंटर, दुपारी दोन.
एसीखाली बादली, थेंब मोजत.
खलफान विचारतो, विकता काय?
काही नाही. अंध मुलांसाठी
पुस्तकं वाचून ठेवतो, फुकट.
मग मार्क कशाला?
कुणीतरी तिकडे याच नावाने
पैसे घ्यायला लागलंय, म्हणून.

वर्ग एक्केचाळीस. देश नऊ.
फीमध्ये परतूरच्या एका शिंप्याचे एकावन्न रुपये.
मालक कोण? इथे माझं बोट अडतं.

आणि ‘उसनं’ म्हणजे?
शेजारून वाटीभर साखर आणतो ना,
ती परत करायची असते, ते.
‘आरिया,’ म्हणतो तो, आणि टाइप करतो
उजवीकडून डावीकडे.

उसनं अवसान आणून मी सही करते.
पेन त्याचंच.
बाहेर आल्यावर कळतं,
पर्समध्ये आलंय.