रतीब

राजारामपुरीत, जिना चढून गेल्यावर,
डॉक्टर मुजावर बाईंनी कागदावर घरं काढली.
"मेंदूत अशी बारकी दारं असतात, आप्पा.
त्यांच्यावर थाप मारणारा एक ठरलेला गडी असतो,
आतलाच, मेंदूनंच धाडलेला.
तुमच्या तंबाखूला हुबेहूब त्याची थाप येते."

आप्पा कागदाकडं बघत राहिले.
उत्तरेश्वरापासून शुक्रवार पेठेपर्यंत
सायकलला दोन कॅन लावून
पन्नास वर्षं दारं वाजवलेला माणूस.
म्हणाले, "म्हंजे माझ्या रतिबाच्या घरात
दुसराच कोण घालून जातोय."
"तसंच म्हणा."
"पानी किती मिसळतोय?"

बाई हसल्या. मग म्हणाल्या,
तो आला की दार उघडतं, दिवा लागतो,
पण तो उंबऱ्यावरनं हलत नाही,
आणि दार बहिरं होऊन बसतं.
मेंदू मग नवी दारं बसवतो,
रिकामी, भुकेली.
तरण्या अंगाला ते खपून जातं.
उतारवयात गल्लीच उठत जाते,
आणि ठरलेला गडीही थकलेला असतो,
उशिरा येतो, एखाद दिवशी येतच नाही.

हे काय आप्पांना सांगायला पाहिजे?
सबनीसांनी पिशवीचं दूध लावलं.
लोहाराची पोरं पुण्याला गेली.
कोपऱ्यावरच्या काकू दोन लिटरवरनं अर्ध्यावर,
अर्ध्यावरनं पावशेरावर, मग फोटोत.
प्रत्येक नावावर आप्पांनीच रेघ मारलेली.
आता वही वाचून दाखवली की विचारतात,
"ही कुनाची मानसं म्हनायची?"

चंची मी जोंधळ्याच्या डब्यात दडवली.
तरी दुपारी त्यांचा डावा तळवा उघडतो,
उजवा अंगठा फिरतो,
दोन थापा.
काहीच नसलेलं ते ओठाखाली ठेवतात.

गेल्या बुधवारी मीच हरले.
दिवसभर मला "ओ बाई, तुमी कुटल्या?" म्हणत होते.
निपाणीची ती काळी पत्ती,
काड्या वेचल्या, नखानं चुना लावला,
मळली, थाप मारली, दिली.
बाई म्हणाल्या होत्या, उजेड उसना असतो.
असू दे. मला पाच मिनिटं पाहिजे होती.

डोळे निवळले. पाठ ताठ झाली.
म्हणाले, "पाखरी."

म्हैस. माझ्या लग्नाआधीच मेलेली.
पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपीस लावून
गाडीमागं पळायची ती.
तिची दोन्ही वेळची धार, तिची रेडकं,
तिच्यापायी काढलेलं कर्ज
आणि ते फेडल्याचा वार,
सगळं बरोबर. एकही चूक नाही.

मी गुडघ्याला गुडघा लावून बसलेले.

मग दाराकडं बघून म्हणाले,
"शालन आली न्हाई अजून शाळंतनं?
साय ठेव तिला. न्हाईतर तंडती."

अंगठ्याचा वास साबणानं गेला नाही.
साय मी वाटीत काढली,
वर ताटली झाकली.