अठराला एक

मी माशांच्या कारखान्यात वजन करते.
पट्ट्यावरून कॅटफिशचे तुकडे येतात,
काटा थरथरतो, थांबतो, मी आकडा ओरडते.
हाताला माप कळतं आता.
डोळे मिटून सांगीन : हा दीडशे, हा एकशे साठ.

म्हणून सरकारी वकिलानं
ओडेलची पिशवी कोर्टात वर धरली
तेव्हा मी मनात म्हटलं : अंडं.
कोंबडीचं एक अंडं, टरफलासकट.
'बावन्न ग्रॅम,' तो म्हणाला.

वस्तू एकच.
सोडा घालून शिजवली की खडा,
तशीच ठेवली की पावडर.
खडा आमच्या गल्लीत, पावडर नदीपलीकडच्या बंगल्यांत.
कायद्यात लिहिलेलं : पन्नास ग्रॅम खड्याला जी शिक्षा
तीच पावडरच्या पाच किलोंना.
शंभराला एक.
आईनं तीनदा विचारलं,
टाइप करताना शून्य जास्त पडलं का गं?

त्या आठवड्यात बाकावर अकरा पोरं होती.
अकराही काळी.
डेल्टात पांढरी पोरं नाहीत असं नाही,
बाकावर नव्हती.

जज्ज वाईट नव्हता. चष्मा पुसत म्हणाला,
माझे हात बांधलेले आहेत.
ओडेलचेही होते. त्याचे दिसत होते.
तीस वर्षं.

न्याय आंधळा, म्हणतात. असेल.
चाचपत चाचपत
दार मात्र नेमकं आमचंच सापडायचं त्याला.

सोळा वर्षांनी, ऑगस्टमध्ये,
जेवणाच्या सुट्टीत मिसेस टिलरीनं रेडिओ मोठा केला.
वॉशिंग्टनला चूक कळली होती. आकडा दुरुस्त झाला होता.
मी सँडविच खाली ठेवलं.
मला वाटलं, एकाला एक.

अठराला एक.

अठरा कुठून आलं?
कुणी दहा म्हटलं असेल, कुणी वीस,
मधे कुणाला तरी विमान पकडायचं असेल.
मापात पाप होतं हे मान्य केलं त्यांनी,
त्यातलं ब्याऐंशी भाग धुऊन काढलं
आणि अठरा ठेवलं,
बियाण्याला ठेवतात तसं.
आमच्या घरात अठराविश्वे होतंच.
आता कायद्यातही अठरा.

आणि तेही आजपासून पुढे.
मागच्यांना नाही.
म्हणजे चूक होती, पण ओडेलच्या बाबतीत नव्हती.
हे आईला मी समजावून सांगू शकले नाही.
तिनंही फार वाट पाहिली नाही.
त्याच थंडीत गेली.

आणखी आठ वर्षांनी दुसरा कायदा आला.
त्यात कुठंतरी आत, थोडक्यात :
मागचेही धरावेत.
तेवढं पान मी लायब्ररीत छापून घेतलं,
कारखान्यात नेलं,
सुपरवायझर वळल्यावर काट्यावर ठेवलं.
साडेचार ग्रॅम.

मार्चमध्ये ओडेल घरी आला. सत्तेचाळीस वर्षांचा,
एक दात कमी, पाठीला किंचित पोक.
दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडून उभा राहिला,
इतका वेळ की मोटर सुरू झाली.
मग एक अंडं हातात घेऊन
मला विचारलं,
'व्हर्लीन, किती घेऊ?'

मी म्हटलं, घे की हवी तेवढी.
त्यानं एकच घेतलं.

एकाला एकचं विधेयक
अजून कुठल्याशा समितीत पडून आहे.
दर सोमवारी कामाला निघण्याआधी मी तिथं फोन करते.
पलीकडची मुलगी नवी असते दर वेळी.
नाव विचारते, पिनकोड विचारते.
स्वयंपाकघरात तव्यावर तेल तडतडत असतं.
'नोंद घेतली, मॅडम,' ती म्हणते.
मी थांबते.
काटा थांबेपर्यंत थांबायची सवय आहे मला.
'वाचून दाखव,' मी म्हणते,
'काय लिहिलंस.'