फाटकावरची वही

मी बोर्तोलो, व्हेनिसमधल्या घेट्टोचा पहारेकरी.
माझा पगार आत राहणारेच भरतात
आणि मी त्यांना रोज रात्री कुलूप घालतो.
पहिल्या वर्षी हसू यायचं. मग सवय झाली.

अंधारात बाहेर पडायची मुभा फक्त डॉक्टरांना.
वहीत लिहायचं : कोण, केव्हा, कुणाच्या घरी.
येकुतिएल ग्रासिन हे नाव
निम्म्या पानांवर सापडेल.
बाकीच्यांना पिवळी टोपी, त्यांना परवान्याची काळी;
काखेतल्या वेताच्या टोपलीत काचेचं भांडं,
रोग्याची लघवी दिव्यासमोर धरून पाहायला.

पादुआला शिकले. होडीची वाट बघताना सांगायचे :
'पदवी मिळाली तेव्हा
मिठाईच्या शंभर पेट्या वाटाव्या लागल्या ख्रिस्ती पोरांना.
नियमच होता.
बाप वारला तेव्हा रात्रभर प्रेताजवळ काठी घेऊन बसलो,
चिरफाडीच्या वर्गासाठी पोरं पळवतील म्हणून.
मी त्याच वर्गात शिकलो होतो, बोर्तोलो.'

शब्बाथला ते लेखणी धरत नाहीत.
जीव वाचवायला निघतात, सही मात्र नाही.
आणि मला तर अक्षरओळख नव्हती.
मग इतर दिवशी कंदिलाखाली
त्यांनीच माझ्याकडून गिरवून घेतलं :
आधी त्यांचं नाव. मग 'ताप'. मग 'मेला'.

जानेवारीतला शुक्रवार, सूर्य कधीच बुडालेला.
माझी मेनेगा दोन दिवस अडलेली,
सुईणीनं हात टेकलेले.
मी फाटक सोडून आत धावलो, त्यांचं दार वाजवलं.
जेवणावरून उठले. तोंडातला घास तसाच.

फाटकाशी सवयीनं विचारून बसलो : कुणाच्या घरी?
'खरं तेच लिही,' म्हणाले,
'नाहीतर उद्या दोघांनाही उभं करतील.'
लिहिलं. बोर्तोलोच्या.
शेवटची अक्षरं ओळ सोडून खाली घसरली,
अजून तशीच आहेत.

परतले तेव्हा कालव्यावर धुकं,
बाही कोपरापर्यंत वर, हात धुऊनही लालसर.
वही पुढे करून म्हणालो, हा शब्द मला येत नाही.
कुठला?
जन्मली.
लेखणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
एकेक अक्षर बोलत गेले, थांबत, थंडीत वाफ सोडत;
मी लिहीत गेलो.

पहाटेची घंटा व्हायला अवकाश होता.
नियमाप्रमाणे त्यांना आत घेतलं, कुलूप लावलं.
किल्ली करकरली.
दुसऱ्या दिवशी तिला तेल घातलं.